दहाव्याची ठकूबाई

प्रतिभाच्या आईचा आवाज चांगला होता, हे नदीकाठच्या पंधरा-वीस गावांना ठाऊक होतं, आणि तो आपल्या दारात ऐकू येऊ नये अशी त्या पंधरा-वीस गावांची मनापासून इच्छा होती. ठकूबाई गायला लागली की बाया डोळ्यांना पदर लावायच्या. तीच ठकूबाई रस्त्यात समोरून आली की त्याच बाया पदर सावरत पलीकडच्या बाजूला व्हायच्या. लोकांचं हे असं असतं. रडायला माणूस हवं असतं, पण ते आपल्याला हवं तेव्हाच दिसावं लागतं.

ठकूबाई वरची, आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरातली. भातखाचरं धरणाच्या पाण्यात गेली तेव्हा नवरा भागू, सात वर्षांची प्रतिभा, एक जातं आणि दोन वाकळा घेऊन ती खाली महाळुंगे पडवळच्या बाजूला आली. सावळाराम नावाच्या म्हाताऱ्या बागायतदाराच्या मळ्यात त्यांना खोली मिळाली. कांदे लावायचे, कांदे काढायचे, गोठा बघायचा. पोट भरत होतं. पण ठकूबाईला एका गोष्टीची कायम चुटपुट लागलेली असायची. डोंगरात ती हळदीला गायची. तिकडे नवरीला हळद लावण्याआधी एक गाणं म्हणावंच लागे, त्याला ‘मूळ’ म्हणायचे. मूळ धाडायचं म्हणजे बोलावणं धाडायचं. आधी गावच्या देवाला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. ती येऊन मांडवात बसली असं धरायचं आणि मगच हळदीला हात लावायचा. ठकूबाईच्या लग्नात ते तिच्या आईनं म्हटलं होतं.

‘‘तुज्या हळदीला मी म्हननार,’’ ती प्रतिभाला न्हाऊ घालताना सांगायची. ‘‘मंग मी सुटले. मंग माजा गळा बसला तरी चालंल.’’

पोरीच्या डोळ्यांत शिकेकाई गेलेली असायची, तिला हे काही ऐकू यायचं नाही. पण रोज रोज ऐकून ते तिच्या डोक्यात बसलं, आणि पुढे जन्मभर बसून राहिलं.

ब्याण्णव साली सावळारामबाबा गेले. या भागात माणूस मेल्यावर त्याची खरी पत दहाव्याला कळते. घाटावर मांडव घातला होता, भोंगे बांधले होते, प्रवचन झालं. मग पुढारी उठले. ज्यांनी बाबांना हयातीत कधी पाणी विचारलं नव्हतं त्यांनी त्यांना दानशूर ठरवलं. सगळं रीतसर झालं. मात्र पिंडाला कावळा शिवेना.

माणसं पिंडाभोवती कडं करून उभी. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, ‘‘बाबा, विहिरीचं काम पुरं करतो.’’ कावळे बाभळीवर बसून बघत राहिले. धाकटा म्हणाला, ‘‘बाबा, दादाच्या शब्दाबाहेर जानार न्हाई.’’ यावर तर एक कावळा उडूनच गेला. मुली झाल्या, सुना झाल्या, ज्यानं त्यानं बाबांची राहिलेली इच्छा ओळखून वचन दिलं. अकरा वाजले. ज्यांना ओतूरची एसटी धरायची होती ते घड्याळं बघायला लागले.

ठकूबाई कडेला भांडी घासत बसली होती. म्हातारा तिच्याशी कधी वाकडं बोलला नव्हता. कांद्याच्या वाफ्यात ती गायला लागली की बांधावर येऊन बसायचा. तिला वाटलं, म्हाताऱ्याला बोलावणारं नीट कुणी बोलावतच नाहीये, सगळे आपापलंच सांगताहेत. आणि बोलावायचं एकच गाणं तिला येत होतं. राखेचे हात तसेच ठेवून तिनं ते सुरू केलं.

पहिलं मूळ धाडते गावच्या देवाला,
दुसरं मूळ धाडते गेल्या जिवाला.
ये रे बाबा, ये रे मांडवाच्या दारी,
तुज्याबिगर हळद लागंना नवरी.

कुणाला शब्द धड कळले नाहीत. पण माणसं गप्प झाली, पिंडाकडे पाठ करून तिच्याकडे वळली, चार पावलं तिच्या दिशेनं सरकली. आणि कावळा आला. टुणटुण उड्या मारत येऊन त्यानं पिंडाला चोच लावली.

घरी आल्यावर भागू म्हणाला, ‘‘मान्सं मागं सरली म्हून कावळा आला. येवढ्या गर्दीत त्यो येतोय व्हय?’’

हे त्यानं बायकोला सांगितलं आणि नऊ वर्षांच्या प्रतिभानं ऐकलं. आणखी कुणाला त्यानं सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ऐकलं कुणी असतं? महिन्याच्या आत दुसऱ्या गावाचं बोलावणं आलं. मग तिसऱ्या. ठकूबाई पुढे, भागू टाळ घेऊन मागे. माइकपुढे उभी राहून ती हळदीचं मूळ दहाव्याला म्हणायला लागली. ‘मांडवाच्या दारी’च्या जागी ‘नदीच्या तीरी’ घातलं, नवरीची ओळ गाळली. घाटावरचे कावळेही काही दुधखुळे नव्हते. हे गाणं लागलं की माणसं लांब होतात आणि खायला मिळतं, हे त्यांना चार-सहा दहाव्यांतच समजलं. पुढे पुढे तर ती पहिली ओळ संपवायच्या आत ते खाली उतरायचे. लोक म्हणायचे, बाईच्या गळ्यात काहीतरी आहे.

आणि ज्याच्या गळ्यात काहीतरी असतं, त्याच्या पायातही काहीतरी असणार, हे ओघानंच आलं.

बाजारात भाजीवाल्या भवानी होण्याआधी तिला काही विकेनात. सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणून ती टोपलीपुढे उभी राहिली की, ‘‘बाई, जरा फिरून या,’’ म्हणायच्या. बारशाला बोलावणं बंद झालं. ती झबलं शिवायची आणि भागूच्या हाती धाडायची. झबलं ठेवून घेत, पण ते कुणाच्या पोराच्या अंगावर दिसलं नाही. शेजारची धोंडाबाई आजारी पडली. तिनं यांना कित्येक वर्षं ताक दिलेलं. ठकूबाई पेज करून घेऊन गेली. धोंडाबाईनं अंथरुणातून तिला दारात पाहिलं आणि जीव एकवटून ओरडली, ‘‘मी अजून हाये गं! जा तू, मी अजून हाये!’’

पेज घेऊन ठकूबाई परत आली आणि भागूला म्हणाली, ‘‘हाये ती अजून. लई जोरात हाये.’’ दोघं हसली. मग भागूनं पेज प्यायली.

प्रतिभाला शाळेत काय होत होतं हे तिनं घरी सांगितलं नाही. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरून काव काव सुरू व्हायचं. मास्तर गप्प बसवायचे, पण त्यांच्याही ओठांच्या कोपऱ्यात हसू असायचं. नववीत तिनं शाळा सोडली. आईला कारण सांगितलं, गणित जमत नाही.

शहाण्णव साली ओतूरचा गेणू मळ्यात आला. त्याचा मांडव आणि साउंडचा धंदा होता, एसटी स्टँडजवळ कॅसेटचं दुकान होतं. सगळे दहावे त्याच्याच भोंग्यावर व्हायचे. माणूस वाईट नव्हता. धंद्याचा होता.

‘‘ठकूताई, तुमी एका सकाळी किती घाटांवर जानार? एकाच. कॅसेट काढली तर धा घाटांवर जाताल.’’

दुकानामागच्या खोलीत भिंतींना वाकळा टांगून त्यानं तिला गायला उभं केलं. कॅसेट निघाली. वर नदीचं चित्र, खाली बारीक अक्षरांत ‘ठकूबाई’. तिला वाचता येत नव्हतं. प्रतिभानं बोट ठेवून दाखवलं तेव्हा तिनं त्या अक्षरांवरून पदर फिरवला, धूळ झाडावी तसा.

कॅसेट दहा घाटांवर गेली. कावळे तिला तितकेच येऊ लागले. तेव्हा बाई कशाला बोलवायची? नाहीतरी तिला बोलवायचं म्हणजे गाडीनं आणा, बसवा, जेवू घाला, आणि जाताना आपल्या दारावरून जाणार नाही हे बघा. वर्षभरात ठकूबाईची बोलावणी निम्म्यावर आली, दुसऱ्या वर्षी संपली. नाव मात्र गेलं नाही. दहाव्याची ठकूबाई ती दहाव्याची ठकूबाईच राहिली.

अठ्ठ्याण्णव साली ती आपणहून गेणूच्या दुकानात गेली.

‘‘भाऊ, मला हळदीची गानी येत्यात. ती माजी खरी. ती घ्या.’’

गेणूनं ऐकली. ऐकता ऐकता त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. मग म्हणाला, ‘‘ताई, सोनं हाये. पन खरं बोलू का? दहाव्याच्या बाईचा आवाज कोन मांडवात लावंल? नाव आलं की कॅसेट मेली.’’

‘‘मंग नाव नका घालू.’’

‘‘कुनाचं तरी घालावं लागतं.’’

त्यानं आपल्या पुतणीचा फोटो घातला, केसांत अबोली माळलेली, आणि तिचंच नाव घातलं: अश्विनी. ठकूबाईनं अंगठा दिला. तिची एवढीच अट होती की मूळ त्यात घ्यायचं नाही. ‘‘ते माज्या लेकीच्या हळदीला मी तोंडानं म्हननार,’’ ती म्हणाली. गेणूला ते नकोच होतं. त्याच्या दृष्टीनं ते दहाव्याचं गाणं होतं.

हळदीची कॅसेट दहाव्याच्या कॅसेटीच्या वरताण चालली. जुन्नरपासून मंचरपर्यंत मांडव पडला की अश्विनी लागायची. ठकूबाई कांदे खुरपताना दुरून आपला आवाज ऐकायची आणि खुरपं थांबवायची. एकदा वस्तीवरच्या बाया म्हणाल्या, ‘‘काय गळाय पोरीचा! न्हाईतर आमची ठकूबाई, निस्ती मढ्याची गानी.’’ प्रतिभा काहीतरी बोलायला गेली. आईनं तिच्या हाताला चिमटा काढला.

दोन हजार दोन साली प्रतिभाला पारगावचं स्थळ आलं. तीही माणसं डोंगरातूनच खाली आलेली, पण आधी आलेली, म्हणून वरच्या पायरीवर बसलेली. मुलगा पप्पू, ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला. सासू साळुबाई. त्यांना ठकूबाई कोण हे ठाऊक होतं. बैठकीत साळुबाईनं सरळ विषय काढला.

‘‘पोरगी आमाला पसंत हाये. लग्न आमच्या दारात. फकस्त इहीनबाईंनी गायचं न्हाई. मांडवात न्हाई, हळदीला न्हाई, जात्यावरसुद्दा न्हाई. आमच्यात शुभाचं काम हाये.’’

भागूनं बायकोकडे पाहिलं. ठकूबाईनं प्रतिभाकडे पाहिलं. प्रतिभा एकोणीस वर्षांची होती. आधीची चार स्थळं आईचं नाव ऐकून चहा न पिता उठली होती. पप्पूनं मघाशी तिच्याकडे बघून गालात हसून घेतलं होतं. ती खाली बघत राहिली, आणि जी लेक खाली बघते तिची आई काय समजायचं ते समजते.

‘‘न्हाई गानार,’’ ठकूबाई म्हणाली.

रात्री तिनं एवढंच विचारलं, ‘‘कानात म्हनले तर चालंल का गं? लई हळू?’’

प्रतिभा म्हणाली, ‘‘आये, कुनी बघितलं तर?’’

हळदीच्या दिवशी साळुबाईच्या दारात मांडव भरला होता. साउंड गेणूचाच. हळद वाटली, नवरी पाटावर बसली आणि कॅसेट लागली. अश्विनी. बाया खूश झाल्या, टाळ्या वाजवायला लागल्या, दोघी-तिघींनी फेर धरला. प्रतिभाच्या अंगाला हळद लागत होती आणि भोंग्यातून तिची आई गात होती. तिची आई मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून तोंडात पदर कोंबून बसली होती.

सहावं गाणं लागलं. ते ठकूबाईनं स्वतः केलेलं होतं, प्रतिभाच्या जन्माच्या वेळी, पोट दुखत असताना. ठकूबाईच्या तोंडातला पदर कधी निसटला, तिचं तिला कळलं नाही. ती गायला लागली. अगदी हळू. पण त्याच क्षणी गेणूच्या मशीनमध्ये फीत अडकली. भोंगा घर्रर्र करून गप्प झाला, आणि गाणं मात्र थांबलं नाही. तोच आवाज, तीच ओळ, तीच मुरकी, मांडवाच्या मागच्या खांबापासून पुढे येत राहिली.

फेर थांबला. सगळ्यांच्या माना वळल्या. ठकूबाई दचकून गप्प झाली.

‘‘अगं बया!’’ एक म्हातारी म्हणाली. ‘‘कॅसेटीत हीच हाये का काय?’’

‘‘दहाव्याची?’’ दुसरी म्हणाली. ‘‘म्हंजी आमी पोरींच्या हळदीला दहाव्याची बाई लावतोय व्हय इतकी वरसं?’’

कुजबुज वाढली. एका सुनेनं तोंडात गेलेली हळद थुंकली. गेणू मशीनवर वाकून फीत पेन्सिलीनं गुंडाळत होता, इतका मन लावून की जणू आयुष्यात त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं. साळुबाई हळदीचा हात तसाच धरून नवरीपुढे उभी राहिली.

‘‘पोरी, तू सांग. त्या कॅसेटीतला आवाज तुज्या आईचा हाये का?’’

प्रतिभानं मागच्या खांबाकडे पाहिलं. आई तिच्याकडेच बघत होती. त्या तोंडावर राग नव्हता, भीतीही फारशी नव्हती. नवल वाटावं अशी आशा होती. पन्नास बायांसमोर, भरल्या मांडवात, कुणीतरी पहिल्यांदा हा प्रश्न विचारला होता, आणि उत्तर देणारी तिची लेक होती. एका शब्दाचं काम होतं.

‘‘न्हाई, आत्याबाई,’’ प्रतिभा म्हणाली. ‘‘ती कॅसेट ऐकून ऐकून शिकलीय.’’

मांडवात हशा पिकला. सुटका झाल्याचा हशा. कुणीतरी म्हणालं, ‘‘हौस बघा म्हातारीची!’’ तेव्हा ठकूबाई काही म्हातारी नव्हती, पंचेचाळिशीचीही नसेल.

‘‘व्हय का, इहीनबाई?’’ साळुबाईनं विचारलं.

‘‘व्हय,’’ ठकूबाई म्हणाली. ‘‘कॅसेट ऐकूनच शिकले.’’

फीत गुंडाळून झाली. गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे लागलं आणि बायांनी पुन्हा फेर धरला. मूळ कुणी म्हटलं नाही, कानातही नाही.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. ठकूबाई त्यानंतर गायली नाही. घाटावर नाही, वाफ्यात नाही. तीन वर्षांनी तिचा गळा दुखायला लागला, मग आवाज घोगरा झाला, मग गेला. डॉक्टरांनी मिश्रीला दोष दिला. प्रतिभाला मुलगी झाली, प्राची. बारशाच्या आधी साळुबाई काही बोलली नव्हती. प्रतिभानं आपणहूनच निरोप धाडला की आईला सांगा, गर्दी ओसरल्यावर ये. ठकूबाईनं भागूच्या हाती झबलं पाठवलं.

प्राची रडकी होती. अश्विनीची कॅसेट लावली की गप्प व्हायची. साळुबाई कौतुकानं सगळ्यांना सांगायची, ‘‘आमच्या प्राचीला अश्विनीबाईंचा आवाज लागतो झोपायला.’’ ठकूबाईच्या शेवटच्या आजारपणात प्रतिभा भेटायला गेली तेव्हा तिनं आईला हे सांगितलं. तिला वाटलं, आईला बरं वाटेल. ठकूबाई हसली. तिच्या हसण्यालाही तेव्हा आवाज राहिला नव्हता.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात ती गेली.

दहाव्याला येताना एसटीत प्रतिभा एकच वाक्य मनात घोकत होती. कावळा शिवणार नाही, याची तिला खात्री होती. आईची राहिलेली इच्छा जगात एकट्या तिलाच ठाऊक होती. कावळा अडला की लोक एकेकाला पुढे करतील, आणि मग ती हात जोडून सगळ्यांदेखत म्हणेल, ‘आये, त्यो आवाज तुजा व्हता. मी खोटं बोलले. हितून पुढं सगळ्यांना सांगीन.’ साळुबाई तिथेच असणार होती. असू दे. हे एकदा म्हणायचंच, असं तिनं ठरवलं होतं. बापालाही सांगितलं होतं. भागूनं मान डोलावली होती. ‘‘बोल,’’ तो म्हणाला होता, ‘‘लई वाट बघितली तिनं.’’

घाटावर फार माणसं नव्हती. गायिकेच्या दहाव्याला पुढारी कशाला येतील? गेणू मात्र आला होता. टेम्पोत भोंगे घालून, न बोलावता. त्याचे डोळे खरंच लाल झाले होते.

‘‘ताईचं शेवटचं काम माज्याकडनं,’’ म्हणाला. ‘‘तिचीच लावतो.’’

भागूनं पिंड ठेवले. माणसं थोडी मागे सरली. प्रतिभा पुढे झाली, तिनं हात जोडले, घसा साफ केला. साळुबाई शेजारी येऊन उभी राहिली. गेणूनं कळ दाबली, आणि भोंग्यातून ठकूबाईनं स्वतःला बोलावणं धाडलं:

पहिलं मूळ धाडते गावच्या देवाला…

दुसरी ओळ लागायच्या आत बाभळीवरून तीन कावळे उतरले. ती या घाटाची जुनी गिऱ्हाइकं होती. एकानं पिंडाला चोच मारली, दुसऱ्यानं त्याला ढकललं, तिसरा भाताचं शीत घेऊन उडाला.

‘‘शिवला!’’ माणसं म्हणाली. टोप्या पुन्हा डोक्यावर चढल्या.

‘‘बघ, कशी झटकन आली,’’ साळुबाई म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले. ‘‘कायसुदिक इच्छा राहिली नव्हती माउलीची. तृप्त होऊन गेली.’’

प्रतिभाचे हात अजून जोडलेलेच होते. तोंड उघडलेलं होतं. कावळ्यांना काय कळतं, हे तिला नऊ वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. आता बोललं तरी चाललं असतं. कुणी अडवलं नव्हतं. पण विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं.

‘‘काय म्हनत व्हतीस गं?’’ साळुबाईनं विचारलं.

‘‘काय न्हाई, आत्याबाई,’’ प्रतिभा म्हणाली, आणि पदर खोचून पत्रावळ्या मांडायला गेली.